डॉक्टरांचा पालक मेळावा

लातूरच्या औसा रोडवरच्या डॉक्टर अमरनाथला पेशंट दारातून आत येईपर्यंत निम्मा आजार कळायचा आणि पेशंट स्टुलावर टेकेपर्यंत उरलेला निम्मा. पेशंटनं तोंड उघडायची तशी गरजच नसायची. "डॉक्टरसाब, परवापासून मला..." एवढं तो म्हणेपर्यंत "उजवीकडं, बरगडीच्या खाली, जेवल्यावर वाढतंय," असं सांगून अमरनाथ चिठ्ठी लिहायला लागलेला असायचा. सोबतच्या नातेवाइकांना हा चमत्कार वाटायचा. निलंग्यापासून उदगीरपर्यंतची माणसं या चमत्कारासाठीच यायची. दिवसाला सव्वाशे पेशंट. "एकेकाचं ऐकत बसलो तर बाकीचे बाहेरच मरतील," असं तो म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढं त्याची बरीच फजिती सांगायची आहे, आणि माणूस मुळात वाईट होता असा कुणाचा समज व्हायला नको.

गोष्ट दोन हजार अठराची. त्या वर्षी जूनमध्ये वरून पत्र आलं की प्रॅक्टिस करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरनं 'वैद्यकीय नीतिमूल्ये व मानव्यविद्या' असा बारा रविवारांचा अभ्यासक्रम पुरा करावा आणि तीस सप्टेंबरच्या आत प्रमाणपत्र घ्यावं. ज्याच्याकडं प्रमाणपत्र नाही त्याची नोंदणी एक ऑक्टोबरपासून रद्द. नोंदणी रद्द म्हणजे तापाची गोळीसुद्धा लिहून द्यायची सोय नाही. पेन खाली ठेवायचं आणि घरी बसायचं. अमरनाथ अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि घरी बसून माणसं काय करतात हे त्याला माहीत नव्हतं.

आता शिकवायचं म्हटलं की जागा लागते, आणि लातुरातली सगळी जागा आधीच शिकवण्यात गेलेली. मंगल कार्यालयांत लग्नाऐवजी टेस्ट सिरीज चाललेल्या, तेलाच्या बंद पडलेल्या गोदामात बायोलॉजी चाललेली. शेवटी डॉक्टर मंडळींनी भुजंग सरांचे पाय धरले. भुजंग सर फिजिक्स शिकवायचे, ट्यूशन एरियात त्यांची चार मजली इमारत होती, आणि तिसऱ्या मजल्यावरचा एक हॉल रविवारी सकाळी दोन तास मोकळा होता. सर म्हणाले, "हॉल देतो. पण माझ्या हॉलात माझा पॅटर्न चालंल." डॉक्टरांनी मान डोलावली. निम्मे त्याच पॅटर्नमधून डॉक्टर झाले होते. त्यांना त्यात वावगं काय वाटणार?

म्हणून जुलैच्या मध्यावर, एका रविवारी, लातूर शहरातले एक्केचाळीस नामांकित डॉक्टर गळ्यात ओळखपत्र अडकवून, मोबाईल दाराजवळच्या पेटीत टाकून आणि यंत्रावर अंगठा टेकवून बाकांवर बसले. बाक सोळा वर्षांच्या पोरांच्या मापाचे होते. हाडांचे एक सर्जन अडकले, त्यांना दोघांनी ओढून काढलं. दर रविवारी शेवटची वीस मिनिटं परीक्षा, मंगळवारी निकाल, आणि पुढच्या रविवारी मार्कांप्रमाणे बैठक. हुशार पुढं, ढ मागं.

सगळ्यात अवघड गेला तो फॉर्म. भुजंग सरांच्या सॉफ्टवेअरमध्ये पालकाचं नाव आणि मोबाईल नंबर टाकल्याशिवाय फॉर्म पुढंच सरकत नव्हता. "अहो, माझं वय अडुसष्ट आहे," डॉक्टर व्यंकटी म्हणाले. "माझे पालक कुठून आणू?" काउंटरवरची बाई म्हणाली, "सर, मग स्थानिक पालक टाका." व्यंकटींनी आपल्या बँकेतल्या मुलाचा नंबर टाकला. अमरनाथची आई हयात होती. लातूरजवळ मुरुडला एकटी राहायची. त्यानं लिहिलं, नीलम्मा शिवप्पा, आणि खाली तिचा नंबर. त्या नंबरचं पुढं काय होतं याचा त्यानं विचार केला नाही. करायला हवा होता.

शिकवायला नांदेडहून जोहरा मॅडम यायच्या. मेडिकल कॉलेजात पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. वडील मोहियोद्दीन यांचं नांदेडच्या जुन्या भागात पुस्तकं बांधायचं दुकान होतं, त्यामुळं मॅडमना डॉक्टर व्हायच्या आधीपासून वाचायची सवय. पहाटेच्या एसटीनं लोहा-अहमदपूर करत येणार, डबा सोबत आणणार, आणि चेहऱ्यावर थकवा म्हणून दाखवणार नाहीत. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पेशंटला बोलू द्या. कोर्स एवढाच आहे. बाकीचे अकरा रविवार आपण याचीच उजळणी करू."

एक्केचाळीस जणांनी खाली मान घालून ते वहीत उतरवलं. मॅडमना वाटलं, बात काळजाला लागली. मग तिसऱ्या बाकावरून हात वर आला. "मॅडम, यावर किती मार्काचा प्रश्न येतो?"

तो अजहर होता. उदगीरचा, तिशीतला, बालरोगतज्ज्ञ. बारावीला बोर्डात आलेला आणि त्या धक्क्यातून अजून न सावरलेला. दुसऱ्या रविवारपर्यंत त्यानं नोट्स काढल्या. दयेचे प्रकार पाच, संमतीच्या पायऱ्या सात, गोपनीयतेचे अपवाद तीन. तिसऱ्या रविवारी त्या नोट्स झेरॉक्सच्या दुकानात मिळायला लागल्या. डॉक्टर मंडळी ओपीडीत दोन पेशंटांच्या मधे 'सहानुभूती आणि अनुकंपा यांतील फरक' पाठ करायची, आणि त्यात पेशंट आत आला तर त्याच्यावर खेकसायची. महिन्याभरात ट्यूशन एरियाच्या चौकात फ्लेक्स लागला. अजहरचा हसरा फोटो आणि खाली मजकूर, 'करुणा या विषयात प्रथम. चाळीसपैकी चाळीस.' मॅडमनी एसटीतून उतरताना तो बघितला आणि थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या. पण परत नांदेडला गेल्या नाहीत, हे मानलं पाहिजे.

लेखी परीक्षेत अमरनाथही काही मागं नव्हता. त्याचं घोडं अडलं तोंडी परीक्षेत. तिला मॅडम 'ऐकण्याची परीक्षा' म्हणायच्या. समोर एक माणूस पेशंट होऊन बसणार, दोन मिनिटं बोलणार, आणि डॉक्टरनं मधे तोंड घालायचं नाही. पेशंटच्या कामासाठी मॅडमनी मलप्पा नावाचे एक निवृत्त कंडक्टर ठरवले होते. भुजंग सर स्टॉपवॉच घेऊन उभे राहायचे. पहिल्या वेळी अमरनाथ अकराव्या सेकंदाला बोलला. दुसऱ्या वेळी नवव्या.

तिसऱ्या वेळी मलप्पा म्हणाले, "साहेब, जिना चढाया गेलो की ह्यो गुडगा..."

"झीज आहे," अमरनाथ म्हणाला. "वजन कमी करा, मांडी घालून बसू नका."

"चौदा सेकंद," भुजंग सर म्हणाले.

मलप्पांनी कपाळाला हात लावला. "साहेब, मी गुडग्याचं बोलतच नव्हतो. गुडगा मधी आला. मी वरच्या मजल्यावर ऱ्हाणाऱ्या पोराचं सांगायलो व्हतो. त्यो सहा म्हैने झालं बोलंना माझ्यासंगं."

"पण झीज आहे की नाही?"

"हाय की," मलप्पा म्हणाले.

"मग," अमरनाथ मॅडमकडं बघून म्हणाला. निदान बरोबर आल्यावर मार्क का कापतात हे त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही. बोर्डात तिसरा आलेला हा माणूस आता एक्केचाळिसात एक्केचाळिसावा होता आणि सगळ्यात मागच्या बाकावर, पंख्याचा वारा न पोचणाऱ्या कोपऱ्यात बसत होता.

आणि मुरुडला नीलम्माच्या मोबाईलवर मेसेज गेला. 'सन्माननीय पालक, आपला पाल्य डॉ. अमरनाथ यास ऐकणे या विषयात वीसपैकी शून्य गुण मिळाले आहेत. घरी लक्ष द्यावे.'

नीलम्मा सातवी शिकलेली, पंचाहत्तर वर्षांची बाई. चष्मा लावून तिनं मेसेज तीनदा वाचला आणि लेकाला फोन केला. "अमर, तू नापास झालास का रं?"

"अव्वा, ते काही नाही, ते एक कोर्सचं..."

"घरी लक्ष द्या म्हनतेत. मी काय लक्ष देऊ? तू घरीच न्हाईस." मग म्हणाली, "बरं, मी काय म्हनत व्हते, तीस तारीख जवळ आली. औंदा पंचवीस वर्सं व्हतील. त्या दिवशी तुज्या अप्पांनी..."

"अव्वा," अमरनाथ म्हणाला, "अप्पा झोपेतच गेले. त्यांना काहीही त्रास झाला नाही. तू मनाला लावून घेऊ नको. गोळ्या घेतेस ना वेळेवर?"

"घेते," नीलम्मा म्हणाली आणि फोन ठेवला.

या वाक्याची कथा सांगितली पाहिजे. त्र्याण्णवच्या तीस सप्टेंबरला पहाटे भूकंप झाला तेव्हा अमरनाथ तेवीस वर्षांचा होता, नुकता डॉक्टर झालेला, आणि त्याच सकाळी त्याला किल्लारीच्या बाजूला एका छावणीवर पाठवलं. औषधं संपली होती, करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं, आणि नातेवाइकांनी भरलेल्या गाड्या येत होत्या. येणारा प्रत्येक जण त्या पोराच्या अंगावरचा पांढरा कोट बघून त्यालाच विचारायचा, आमचं माणूस कसं गेलं. पहिल्या म्हाताऱ्याला काय सांगावं ते त्याला सुचेना. मग तोंडातून निघून गेलं, "झोपेतच गेले. काही त्रास झाला नाही." म्हातारा शांत झाला. डोळे पुसून त्यानं त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला. मग अमरनाथनं तेच वाक्य शंभर जणांना सांगितलं, दोनशे जणांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी मृतदेहांच्या तिसऱ्या रांगेत त्याला त्याचे वडील सापडले. मुरुडचे गुळाचे व्यापारी शिवप्पा, साडूच्या गावी मुक्कामाला गेलेले. मुरुडला येऊन त्यानं आईलाही तेच वाक्य सांगितलं, त्याच आवाजात. दुसरा आवाज त्याच्याकडं उरलाच नव्हता. तेव्हापासून त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. समोरचा माणूस बोलायला लागला की दुःख वाढतं, आणि डॉक्टर बोलला की थांबतं. आणि डॉक्टरनं लवकर बोलावं.

दर तीस सप्टेंबरला तो आईला फोन करून ते वाक्य सांगायचा. पंचवीस वर्षांत एकदाही चुकला नाही.

सप्टेंबर अर्धा संपला. चाळीस डॉक्टर पास झाले, एकटा अमरनाथ राहिला. हॉस्पिटलच्या पायऱ्या चढताना त्याला आपल्याच नावाची पाटी परक्याची वाटायला लागली. शेवटी लाज गुंडाळून तो अजहरकडं गेला. अजहरनं दार लावून घेतलं आणि गुपित सांगितलं. "सर, ऐकायचं नसतं. मोजायचं असतं. विसाव्या सेकंदाला मान हलवा. चाळिसाव्याला 'हं'. एक मिनिट झालं की चष्मा काढून हातात घ्या. नव्वदला पुढं झुका. एकशे दहाव्याला पाण्याचा ग्लास पुढं करा. मधल्या वेळेत मनातल्या मनात आकडे. लक्ष आकड्यांत राहिलं की तोंड बंद राहतं. मी असंच केलं."

"आणि मलप्पा काय म्हणाले तुला?"

"कुणाला माहीत, सर. वीसपैकी वीस पडले."

अमरनाथनं आठवडाभर आरशासमोर सराव केला.

इकडं जोहरा मॅडमना भुजंग सरांनी आठवण करून दिली की शेवटच्या रविवारी, तीस तारखेला, पालक मेळावा आहे. मॅडमना वाटलं, थट्टा करतायत. "सर, या बॅचचे पालक म्हणजे ऐंशी-ऐंशीच्या घरातली माणसं."

"मॅडम, पालकाची सही झाल्याशिवाय सॉफ्टवेअर प्रमाणपत्र छापत न्हाई," भुजंग सर म्हणाले. "मी बी काय करू? वीस वर्सं झाली, एक बॅच मेळाव्याबिगर गेली न्हाई माझी."

मॅडमनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "ठीक है. मलप्पांचा गुडघाही दुखतोच आहे. अमरनाथ डॉक्टरांचा पेशंट त्या दिवशी त्यांचे पालकच होतील."

तीस सप्टेंबरला ट्यूशन एरियानं जे पाहिलं ते त्यानं आधी कधी पाहिलं नव्हतं. रिक्षांतून, गाड्यांतून, दोन तर रुग्णवाहिकांतून पालक उतरायला लागले. काठ्या, चाकाच्या खुर्च्या, कानाची यंत्रं. एकाला वाटलं मुलाचं लग्न आहे, त्यानं फेटा बांधला होता. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टनं जाण्यासाठी चाळीस म्हाताऱ्यांची रांग लागली आणि तिला दीड तास लागला. भुजंग सरांनी माईक हातात घेतला. भाषण त्यांना पाठ होतं आणि ते बदलायची त्यांना सवय नव्हती. "पालकहो, ही दोन वर्सं मुलाच्या आयुष्यात लई महत्त्वाची हायेत. घरातला टीव्ही बंद करा. मोबाईल काढून घ्या. मित्र कोण हायेत त्येंच्यावर नजर ठेवा." पालकांनी गंभीरपणे माना हलवल्या. हाडाच्या सर्जनचे वडील उठून म्हणाले, "सर, ह्यो लहानपणी असा नव्हता. ह्येला संगत वाईट लागली." सर्जननी मान खाली घातली. डॉक्टर व्यंकटींचा बँकेतला मुलगा वडलांना म्हणाला, "बाबा, घरी चला, मग बोलू." व्यंकटी घामाघूम झाले.

मग मार्कांप्रमाणे नावं पुकारली. चाळीस जणांनी पालकांसह पुढं येऊन सही केली. अजहरच्या नावाला टाळ्या पडल्या. शेवटी हॉलच्या मधोमध दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या. एकीवर नीलम्मा बसली, इरकल नेसून, पर्स मांडीवर धरून. समोर तिचा मुलगा. मॅडमनी तिच्या पदराला छोटा माईक लावला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "आई, तुम्हाला जे सांगायचंय ते सांगा. डॉक्टर ऐकून घेतील."

"सगळं?" नीलम्मानं विचारलं.

"सगळं. दोन मिनिटं आहेत."

भुजंग सरांनी स्टॉपवॉच दाबलं. नीलम्मानं तोंड उघडलं आणि अमरनाथनं मनात आकडे सुरू केले. एक, दोन, तीन. आईचे ओठ हलत होते. अठरा, एकोणीस, वीस, मान. तिचा आवाज कुठून तरी लांबून येत होता, कामाच्या वेळी शेजारच्या घरात रेडिओ चालू असावा तसा. एकोणचाळीस, चाळीस. "हं." अठ्ठावन्न, एकोणसाठ, चष्मा. चष्मा काढल्यावर आईचा चेहरा पुसट झाला, ते बरंच झालं. नव्वदला तो पुढं झुकला. नीलम्मा थांबली, तिनं त्याच्याकडं बघितलं, आणि पुन्हा बोलायला लागली. एकशे दहा. त्यानं पाण्याचा ग्लास पुढं केला. एकशे एकोणीस, एकशे वीस.

"वेळ संपली," भुजंग सर म्हणाले. स्टॉपवॉच मात्र त्यांच्या हातात चालूच होतं.

अमरनाथनं चष्मा लावला. आपण एक शब्दही बोललो नाही, हे कळायला त्याला क्षणभर लागला. वीसपैकी वीस. नोंदणी वाचली. उद्या सकाळी नऊला ओपीडी. तो हसत मागं वळला आणि त्याला दिसलं की हॉल रडतोय. हाडांचे सर्जन रुमालात तोंड घालून बसले होते. फेटेवाले आजोबा डोळे पुसत होते. अजहर भिंतीकडं तोंड करून उभा होता. अमरनाथला आधी वाटलं, आपण पास झालो म्हणून.

नीलम्मा शांत होती. तिनं पर्समधून पेन काढलं, सही केली, आणि मुलाच्या हातातलं पाणी पिऊन ग्लास परत दिला.

"अजहर," अमरनाथनं त्याला बाजूला घेतलं, "काय म्हणाली रे अव्वा?"

अजहरनं त्याच्याकडं बघितलं. "सर, तुम्ही मोजत होता?"

"तूच सांगितलंस ना. काय म्हणाली?"

"सर, मला सांगता येत नाही. पेशंटनं डॉक्टरला सांगितलेलं आहे ते. चौथं प्रकरण, गोपनीयता. तिन्ही अपवादांत बसत नाही."

अमरनाथ सर्जनकडं गेला. सर्जन म्हणाले, "चौथं प्रकरण." व्यंकटींकडं गेला. व्यंकटींनी त्याचा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी आणलं, आणि सांगितलं मात्र काही नाही. बारा रविवारांत त्या चाळीस डॉक्टरांना नीतीचं दुसरं काही वळलं नसेल, पण गोपनीयता त्यांना चौदा मार्कांना होती आणि ती त्यांनी अशी घोकली होती की सख्ख्या मुलालाही आईचं बोलणं सांगायला एक जण तयार होईना. भुजंग सर काही डॉक्टर नव्हते. अमरनाथ त्यांच्यापुढं हात जोडून उभा राहिला. सर म्हणाले, "साहेब, पालक मेळाव्यातलं बोलणं मी बाहीर काढलं तर क्लास बंद पडंल माझा." आणि आपण बाहेरचे नव्हे, मेळाव्यातलेच आहोत, हे अमरनाथला त्यांना पटवता येईना.

शेवटी तो मॅडमकडं गेला. मॅडम डब्याची पिशवी आवरत होत्या. "मॅडम, तुम्ही तरी."

"माझ्याकडून ऐकून काय करणार, डॉक्टरसाहेब?" जोहरा मॅडम म्हणाल्या. "त्यांनी मला नाही सांगितलं. तुम्हाला सांगितलं." मग त्यांनी त्याच्या हातात प्रमाणपत्र दिलं. अजून गरम होतं, नुकतंच छापलेलं.

आईला मुरुडला पोचवायला तो स्वतः गाडी घेऊन निघाला. ऊन उतरत होतं, दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडलेलं. शहर मागं पडलं तरी त्याला कसं विचारावं ते सुचेना. शेवटी तो म्हणाला, "अव्वा, तू काय सांगितलंस तिथं?"

"सांगितलं की येकदा."

"मला ऐकू आलं नाही."

"म्होरंच तर बसला व्हतास."

"मी आकडे मोजत होतो," अमरनाथ म्हणाला. अशी लाज त्याला बारावीतसुद्धा कधी वाटली नव्हती. "एकशे वीसपर्यंत."

नीलम्मा रागावली नाही. तिनं खिडकीकडं तोंड वळवलं. त्याला वाटलं, आता ही कधीच बोलणार नाही. मग ती म्हणाली, "तुजी मावशी लई येंधळी बाई व्हती." अमरनाथच्या जिभेवर आलं की तिला थायरॉईड होता. त्यानं ओठ मिटले. "येकदा वस्तू नेली की परत देनं न्हाई. त्या वर्सी पंचमीला माजं पुरणयंत्र नेलं तिनं. पितळंचं. माज्या अव्वाचं." ती थांबली. थांबलेल्या जागेत अमरनाथ एरवी तीन निदानं बसवायचा. तो रस्त्याकडं बघत राहिला.

"दसरा जवळ आला व्हता. म्या म्हनलं, जावा अन् घिऊन या. ते म्हनले, नीलम्मा, येका यंत्रासाटी कोन जातंय येवढ्या लांब, पुढच्या हप्त्यात गाडी जानार हाय गुळाची, तवा आनतो. म्या आयकलं न्हाई. म्या म्हनलं, माजी कुटली गोष्ट तुमाला मोटी वाटती? मी लई बोलले. जेवनाचं ताट सारून उटले ते. जाताना वळून बगितलं बी न्हाई. मुक्काम करून, गनपती बगून सकाळी निगनार व्हते." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तू त्येंच्या सामानाची पिशवी आनलीस, त्यात यंत्र व्हतं. तू म्हनलास, मावशीची आटवण म्हनून ठिव. तवापासनं पुरण केलं न्हाई म्या. तुला वाटतं, शुगरला भिती."

गाडी कधी थांबली ते अमरनाथला कळलं नाही. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली ती उभी होती आणि त्याचे हात चाकावर होते.

"दर वर्सी वाटायचं, तुला सांगावं. तोंड उगडलं की तू म्हनायचास, झोपंतच गेले, तरास झाला न्हाई. मला वाटायचं, ह्येला ठावं हाय. मावशीच्या घरचं कुनीतरी सांगितलं आसंल. अव्वानंच धाडलं, अव्वामुळंच गेले, हे ह्येला ठावं हाय, म्हनून ह्यो मला बोलू देत न्हाई. माफी बी मागू देत न्हाई." तिनं बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. "मी म्हनायची, बरुबर हाय पोराचं. का म्हनून द्यावी माफी?"

पंचवीस वर्षं तो आईला एका दुखण्यावर औषध देत होता, न चुकता, आणि ते दुखणं तिला नव्हतंच. हजार वाक्यं जिभेवर येऊन गेली. तुझा काय दोष, नशीब असतं, भूकंप काय सांगून येतो. सगळी बरोबर होती. शंभर जणांना तो ती सांगू शकला असता.

"अव्वा," तो म्हणाला, "मला माहीत नव्हतं."

नीलम्मानं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. "खरंच ठावं नव्हतं?"

"नाही."

"मग तू माज्यावर रागावला नव्हतास?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. नीलम्मा तशीच बघत राहिली, आणि मग पदरात तोंड घालून रडायला लागली, मोठ्यानं, लहान पोरीसारखी. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, मोटरसायकलवाले वळून बघत गेले. अमरनाथनं तिला गप्प केलं नाही. त्यानं इंजिन बंद केलं आणि तिच्या शेजारी बसून राहिला, तिचं रडून होईपर्यंत.